हत्तीडोहच्या म्युझियमची भिंत

ढीग जागेवर नव्हता.

सवयीप्रमाणे मी वळणाच्या अलीकडे वाकून एक दगड उचलला होता. चार पावलं पुढे आले, दगड ठेवायला हात पुढे केला, तर समोर नुसती जमीन. पांढुरकी, ओलसर, वर फिकट मुळ्या आलेली. आधी वाटलं मीच वाट चुकले. पण मोहाचं झाड तेच होतं, नाल्यापलीकडे आमचं शेत दिसत होतं तेही तेच. त्या मोकळ्या जमिनीपासून एकचाकी हातगाडीचा माग निघाला होता आणि तो सरळ म्युझियमकडे गेला होता. मी हातातला दगड तसाच धरून त्या मागावरून चालायला लागले.

ढिगाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर दगड गेले तर एवढं काय, असं वाटेल. आमच्या भागात वाघानं नेलेल्या माणसाला गावात आणत नाहीत. जिथे सापडला तिथेच माती देतात, आणि मग त्या वाटेनं जाणारा प्रत्येक माणूस त्या जागेवर एक दगड टाकतो. दगडाच्या भारानं तो तिथेच राहतो, नाहीतर उठून मागे मागे येतो, असं जुनी माणसं सांगत. माझा बाबा, सुकरू सयाम, मोहफुलं वेचायला गेला होता तेव्हा त्याला वाघानं नेलं. मी तेव्हा इतकी लहान होते की बाबाचा चेहरा मला आठवत नाही. फोटो तर नाहीच. त्याच्याबरोबर त्याचा मोठा भाऊ होता, माझे मोठेबाबा. ते झाडावर चढले म्हणून वाचले. ढिगावरचा पहिला दगडही त्यांनीच टाकला, तो मान मोठ्या भावाचा असतो.

मला बाबा म्हणजे तो ढीगच. शाळेत जाता-येता एकेक दगड ठेवत मी मोठी झाले. दहावी पास झाले तेव्हा नदीतून एक पांढरी गारगोटी आणून वर ठेवली होती. ढीग माझ्या छातीएवढा झाला होता. माय मात्र त्या वाटेनं कधी यायची नाही. शेतावर जायला ती नाल्यातून लांबचा वळसा घ्यायची, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातूनसुद्धा. तिला बघवत नसेल, असं सगळे म्हणत. मीही तेच धरून चालले होते.

हत्तीडोहचं म्युझियम त्या वळणापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या राष्ट्रीय उद्यानात पायवाटांवर अशी तीन म्युझियमं होती. स्वातंत्र्याच्या आधी एका इंग्रज फॉरेस्ट साहेबानं बांधलेली. न घडवलेले दगड, सालीसकट वापरलेले सागाचे ओंडके, वर कवेलूंचं बुटकं छप्पर. वाटेनं येणाऱ्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसू नये, जमिनीतून वर आल्यासारखं वाटावं, अशी त्याची हौस. आत हरणांची शिंगं, रानगव्याची कवटी, पक्ष्यांची घरटी, वाघाच्या पावलांचे प्लॅस्टरचे ठसे. गावातली माणसं त्याला हाडघर म्हणत. ज्यांना जिवंत जनावर दिसत नाही त्या शहरवाल्यांची समजूत घालायला मेलेलं ठेवलंय, असं आमच्याकडे म्हणायचे. तिन्हींतलं एक कधीच पडलं होतं, दुसऱ्यात शेळ्या बसत. उरलं हत्तीडोहचं, आणि त्याचीही उत्तरेची भिंत आदल्या पावसाळ्यात कोसळली होती. तिच्या दुरुस्तीचं काम चाललं होतं. मी तिथे आतल्या वस्तू साफ करायचे आणि त्यांच्या नावांच्या पाट्या नव्याने लिहायचे. आयुष्यातलं माझं पहिलं काम, आणि मला ते फार आवडायचं.

जवळ आले तसा चुन्याचा वास आला. उत्तरेची भिंत पूर्ण उभी होती.

खोटं कशाला बोलू, भिंत सुंदर झाली होती. करडे, काळपट दगड, प्रत्येकाच्या अंगावरचं दगडफूल बाहेरच्या बाजूला ठेवलेलं, चुना आत खोलवर दडवलेला. शेजारच्या जुन्या भिंतीतून ती कुठे सुरू होते ते सांगता येत नव्हतं. आणि बरोबर मधोमध माझी पांढरी गारगोटी होती.

"मिस्त्री, हे दगड कुठून आणले?"

पोपट मिस्त्री नाशिककडचा. त्यानं परांचीवरून खाली बघितलं. चेहरा खुललेला.

"आवो ताई, तुमी सगळे लग्नाला गेले आन् हितं आमाला लॉटरी लागली! त्या वळनावर ढीगच्या ढीग पडल्याला. सगळा निवडल्याला माल. दोन मान्सं लावली, उचलून आनला."

लग्न माझ्या मामाच्या पोरीचं होतं आणि अख्खं गाव चार दिवस तिकडे लोटलं होतं. कामावर राहिली ती फक्त मिस्त्रीची, बाहेरची माणसं. अडवणारं कोणी नव्हतं.

तेवढ्यात आतून धारप सर आले. पुण्याचे आर्किटेक्ट, जुन्या इमारती वाचवणं हेच काम. गुडघे दुखायचे तरी दिवसभर दगडांमागे हिंडायचे. खाणीतला ताजा दगड त्यांना दाखवला की तोंड कडू व्हायचं.

"फुलवंता, बघितलीस?" ते म्हणाले. "किती दिवस शोधत होतो आपण! ज्यानं हे बांधलं त्याचा नियम होता, दगडाला छिन्नी लावायची नाही. रानात ऊनपाऊस खाल्लेलाच दगड हवा. आणि त्यानं पुढच्या दुरुस्तीसाठी साठा करून ठेवला होता, अगदी जवळ! सगळे दगड एका माणसाला उचलतील एवढे. कोणीतरी एकेक निवडून ठेवलेत, उघडच दिसतं."

"हो सर," मी म्हटलं. "एकेकच ठेवलाय. त्याच्याखाली माझा बाबा आहे."

सर हसायच्या बेतात होते. माझा चेहरा पाहून थांबले. मग मी सांगितलं, जसं आता सांगितलं तसंच. पोपट मिस्त्री परांचीवरून उतरला आणि त्यानं दोन्ही कानांना हात लावले. सर तिथेच एका ओंडक्यावर बसले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती गुडघ्यावर धरून ठेवली.

"मी पाहून यायला हवं होतं," ते म्हणाले. "कोणाला तरी विचारायला हवं होतं. दगड दिसला आणि मी बाकी सगळं विसरलो." मग म्हणाले, "भिंत काढायची. प्रश्नच नाही."

"आणि कमिटी?"

पुढच्या आठवड्यात वरून कमिटी यायची होती. जुनं म्युझियम ठेवायचं की पाडून तिथे फरशी आणि काचांचं नवीन बांधायचं, हे ती ठरवणार होती.

"ही भिंत नसली तर छप्पर चढत नाही," सर म्हणाले. "कमिटीला पडकं दाखवावं लागेल, आणि पडकं पाडायला कोणी नाही म्हणत नाही. पण तो माझा प्रश्न आहे. तुझा नाही."

तो माझाही होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. भिंत राहिली तर बाबा जातो, बाबा परत आणला तर म्युझियम जातं. तरी मनात एकच होतं. बाबा तर बाबा. म्युझियमला आणखी कोणीतरी असेल, बाबाला मीच होते.

दुपारपर्यंत गावात बोभाटा झाला होता. मोठेबाबा दहा-बारा माणसं घेऊन आले. धिप्पाड माणूस, गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. पण त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं रागानं.

"कोनाले विचारून हात लावला?"

"चूक माझी आहे," धारप सर म्हणाले. "उद्या सकाळी भिंत उतरवतो. प्रत्येक दगड जागेवर ठेवू."

"उद्या? आन् आज रात्री? माहा भाऊ मोकळा झाला ना बाप्पा! आता तो रानात हिंडंल का गावात येईल, कोन सांगाव?"

"कालपासून कुत्रे भुकून रायले," मागून कोणीतरी म्हणालं.

"कुत्रे रोजच भुकतात," मी म्हटलं.

"तू चूप राय!" मोठेबाबा माझ्यावर कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले.

म्युझियमचा चौकीदार पुढे झाला आणि हाडघरात आपण यापुढे झोपणार नाही, भिंतीतून भूत निघालं तर जीव कोण भरून देणार, असं त्यानं जाहीर केलं. मग दगड परत कसे रचायचे यावर वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं, पहिला होता तोच पहिला पाहिजे, खालचे खाली अन् वरचे वर.

"आवो, मी काय दगडावर नंबर टाकल्यात का?" पोपट मिस्त्री रडकुंडीला आला होता.

जाताना मोठेबाबांनी मला बाजूला घेतलं. "तुह्या मायले यातलं काही सांगू नको. तिचं काळीज फाटंल. उद्या सगळं जसंच्या तसं झालं का तिले मालूम बी पडनार नाही."

मला ते पटलं. मोठेबाबा आमच्यासाठी पहिल्यापासून करत आले होते. आमची नांगरणी तेच करायचे, माझ्या शाळेसाठी तेच भांडले. फक्त मायशी ते एक शब्द बोलले नव्हते, कारण ते तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. आमच्याकडे बाई भासऱ्यापुढे बोलत नाही, बसत नाही, तोंडावरचा पदर काढत नाही. ते अंगणात उभे राहून मला म्हणत, "तुह्या मायले सांग, उद्या बैल येतात." माय दाराआड, त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ऐकत असे. तरी मी आत जाऊन सांगायचे, आणि ती म्हणायची, "बरं मनाव." लहानपणी मला ते निरोप पोचवायला फार मजा वाटायची.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा माय चुलीपुढे बसली होती. मी उगाचच लग्नाचं बोलायला लागले. मांडव कसा होता, वरणात मीठ कसं जास्त झालं. मामाच्या व्याह्यानं काय तमाशा केला तोही सांगितला. तीही लग्नात होती, तरी तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ढीग गेला मनते," ती म्हणाली.

गावात गोष्ट लपते का कुठे!

"उद्या परत ठेवतात, माय," मी घाईनं म्हटलं. "सरांनी कबूल केलंय. एकही दगड इकडचा तिकडे होणार नाही. तू जीव लावून घेऊ नको."

"सगळेच नेले? खाली काहीच नाही रायलं?"

"नाही. पण उद्या..."

"माती दिसते?"

मला प्रश्न कळला नाही. मी हो म्हटलं. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि ताटं वाढली. जेवण झालं. मला वाटलं ती रडेल, मी तिच्याजवळ सरकून झोपले. ती रडली नाही.

सकाळी मी कामावर पोचले तेव्हा पोपट मिस्त्रीनं हातात पहार घेतली होती. मोठेबाबा आणि गावकरी येऊन उभे होते. धारप सर भिंतीकडे पाठ करून उभे होते, त्यांना ते बघायचं नव्हतं. मी पुढे होऊन मिस्त्रीला सांगितलं, आधी कोपरा सैल करा, पण दगड फोडू नका. माझ्याच तोंडून ते निघावं असं मला वाटत होतं.

मिस्त्रीनं पहार लावली आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "अरे, ते पाहा. बिरजाबाई."

माय येत होती. नाल्याकडून नाही, वळणाकडून, सरळ वाटेनं. डोक्यावरून पदर ओढलेला, पायात चप्पल नाही. आमच्याजवळ येऊन तिनं पहारीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि काही न बोलता मागे फिरून पुन्हा वळणाकडे चालायला लागली. मी तिच्यामागे धावले. माझ्यामागे मोठेबाबा, सर, सगळेच.

मोकळ्या जमिनीपाशी ती थांबली. मग खाली बसली. मोठेबाबा समोर उभे असताना माय बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तिनं दोन्ही तळवे त्या ओलसर मातीवर टेकवले आणि हळूहळू माती सारखी करायला लागली. एक मुळी उपटून बाजूला टाकली. खडा होता तो वेचून नाल्याकडे भिरकावला.

"फुलवंता," ती खाली बघतच म्हणाली, "तुह्या मोठ्या बाबाले सांग, दगड वापस आनू नका मनाव."

मी मोठेबाबांकडे वळले. त्यांनी ऐकलंच होतं.

"तिले सांग, रीत हाये."

"सांग त्याइले, रीत मले मालूम हाये. मी त्या दिवशी इथंच होती ना." तिचा हात मातीवरून फिरत होता. "माती दिली. सगळे मांगं सरकले. मी अशीच बसली होती, माती सारखी करत. माहे हात अजून मातीतच होते, आन् पयला दगड पडला."

पहिला दगड कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"मंग दुसरा. मंग तिसरा. मले मनाचं होतं, जरा थांबा, मले बसू द्या त्याच्यापाशी. पन भासऱ्यापुढं कशी बोलू? हात काढून घेतले. तवापासून येनारा जानारा त्याले मारतेच हाये. पोरं तर दुरून नेम धरत. मी तिकडं शेतात निंदत बसली का मले ऐकू ये. खट्. अजून एक, खट्. एका मानसानं कधी फूल नाही टाकलं. काय केलं होतं जी माह्या मानसानं? वाघानं मारलं, हा त्याचा गुन्हा का?"

एवढ्या वर्षांत ती नाल्यातून का जाते हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. कोणीच नव्हतं विचारलं. आम्ही आपलं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

"तिले सांग," मोठेबाबा अडखळले, "तिले सांग, तो मांगं लागू नये मनून..."

माय उठली. तिचा पदर डोक्यावरून घसरला आणि तिनं तो सावरला नाही. माझ्याकडे नाही, सरळ त्यांच्याकडे बघून ती बोलली.

"तुमच्या मांगं कायले लागंल तो, दादा? तुमी झाडावर चढले मनून? 'चढ, दादा, चढ' मनून त्यानंच हाक मारली ना तुमाले? तुमीच सांगतलं होतं त्या दिवशी सगळ्याइपुढं. मरता मरता ज्यानं भावाले हाक मारली, तो भूत होऊन तुमाले खाईल का?"

मोठेबाबांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मग तो धिप्पाड माणूस जिथे उभा होता तिथेच खाली बसला आणि त्यानं डोक्याचा दुपट्टा काढून तोंडावर धरला. आदल्या दिवशीचा कापरा आवाज रागाचा नव्हता, हे मला तेव्हा समजलं.

"भेलो होतो, बिरजा," दुपट्ट्याआडून ते म्हणाले. "रोज भेतो. या वाटेनं गेलो का दोन दोन दगड टाकत होतो."

त्यांच्या तोंडून मी मायचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

"मालूम हाये," माय म्हणाली. आवाज खाली आला होता. "तुमचा दगड मोठा राहे. भेले तर भेले. वाघाले कोन नाही भेत? मी बी भेली असती. पन आता पुरे करा."

ते मान हलवत राहिले. मागची माणसं चुळबुळत होती. चौकीदार भलतीकडेच बघत होता. मला रडू फुटलं. त्या ढिगात माझे किती दगड होते! शाळेच्या वाटेवरचे, परीक्षेच्या दिवसांतले. बाबाला देते आहे असं समजून ठेवलेले.

"माय, मी पण..."

"तुहा नाही ऐकू आला कधी," ती म्हणाली. "तू ठेवत होती, फेकत नव्हती. शाळा सुटाच्या वक्ताले मी कान देऊन बसत होती. पोरं गेली का खट् खट्. मंग जराशानं काहीच नाही. मी समजे, आता तू गेली."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. तळव्याची माती माझ्या गालाला लागली आणि मी ती पुसली नाही.

मोठेबाबा उठले ते थोड्या वेळानं. त्यांनी गावकऱ्यांकडे तोंड केलं. "भिंत राहू द्या. कोनी काही बोलाचं काम नाही. आजपासून या वाटेनं मी पयले चालतो, रिकाम्या हातानं. काही झालं तर मले होईल." आणि खरंच ते एकटे वळण ओलांडून गावाकडे निघाले, दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरून, सगळ्यांना दिसावेत असे. हळूहळू बाकीचेही त्यांच्यामागे गेले. एका पोरानं सवयीनं वाकून दगड उचलला, तर त्याच्या बापानं त्याच्या हातावर चापट मारली.

पुढे छप्पर चढलं. कमिटी आली, त्यांनी भिंतीवर हात फिरवले, फोटो काढले, आणि म्युझियम राहिलं. आज तिथे माझ्या हाताखाली चार गाईड मुली आहेत. लोक विचारतात, ही भिंत जुनी की नवी? मी सांगते, दगड जुने आहेत.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी माणसं गेल्यावर वाटेवर आम्ही चौघंच उरलो, माय, मी, धारप सर आणि पोपट मिस्त्री. सर मायजवळ आले. हात जोडले.

"बाई, तुम्हाला हवं असेल तर त्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी लावू. फुलवंता छान लिहील."

"पाटी कायले?" माय म्हणाली. "चला, भिंत दाखवा."

आम्ही म्युझियमपाशी आलो. माय भिंतीच्या अगदी जवळ गेली. सरांनी पुन्हा टोपी काढली. मलाही वाटलं, आता ती दगडांना हात लावून काहीतरी म्हणेल, मनातलं. तिनं एका दगडावर तळहात ठेवला आणि जोर लावून ढकलला. मग दुसरा. मग वाकून खालचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती एकेक दगड ढकलून पाहत चालली.

"पक्की हाये का?"

"पक्की आहे," सर म्हणाले. "आपण सगळे गेलो तरी ही राहील."

"उपसता येनार नाही ना कोनाले?"

"नाही. पहार लावल्याशिवाय नाही."

"मंग बरं," माय म्हणाली. "आता कोनाच्या हाताले लागनार नाहीत."

कोपऱ्यात, मिस्त्रीनं नुकतीच पहार लावली होती तिथला एक दगड तिच्या हाताखाली हलला. तिनं तो पुन्हा हलवून पाहिला.

"मिस्त्री, हा हालते."

पोपट मिस्त्री थापी घेऊन धावत आला. त्यानं फटीत चुना भरला, वरून थोपटलं आणि झालं म्हणून बाजूला झाला.

"अजून घाल," माय म्हणाली.

त्यानं अजून घातला, लाकडी ठोकळ्यानं ठासून आत लोटला. माय कमरेवर हात ठेवून उभी होती. त्याचं झाल्यावर तिनं पुढे होऊन पुन्हा एकदा ढकलून पाहिलं. दगड हलला नाही. तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि सरळ वाटेनं ती घरी निघाली.